ट्रॉली हवी आहे? आधी कोणती ते ठरवा, मग टेप काढा

नागपुरात बेसा-मनीषनगरकडे प्लॉटवर पाया भरायला आला की मालक सप्लायरला फोन लावतो, "भाऊ, उद्या सकाळी एक ट्रॉली रेती टाकून द्या." सहा महिन्यांनी त्याच घरात फर्निचरवाला विचारतो, "ताई, ओट्याखाली ट्रॉल्या किती बसवायच्या?" आणि मेडिकल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीसमोर ऑटोतून पेशंट उतरवणारा ओरडतो, "ट्रॉली आणा ना बाप्पा लवकर!" शब्द एक, वस्तू तीन. कोणती ट्रॉली ते ऐकणाऱ्याला जागेवरून बरोबर कळतं. घोळ होतो तो मापात. 'एक ट्रॉली' केवढी आणि तिच्यात किती मावतं, हे शब्द कधीच सांगत नाही, आणि पैसे मात्र त्या शब्दावरच ठरतात.

इंग्रजीतही हा शब्द असाच मोकाट आहे. 'ट्रोल', म्हणजे गडगडत जाणं, या जुन्या क्रियापदावरून तो आला असावा असं मानतात. ब्रिटिश माणूस दुकानातल्या जाळीच्या चाकगाडीला ट्रॉली म्हणतो. अमेरिकन त्याच वस्तूला कार्ट म्हणतो आणि ट्रॉली हा शब्द विजेच्या ट्रामसाठी राखून ठेवतो. तिथं ट्रॉली म्हणजे मुळात टपावरच्या दांड्याच्या टोकाचं, वरच्या तारेला टेकून फिरणारं छोटं चाक. पुढे चाकाचं नाव अख्ख्या गाडीला पडलं. मुंबईत १९६२ ते १९७१ या काळात बेस्टच्या ज्या ट्रॉलीबस धावल्या, त्यांचं नाव याच दांड्यावरून. विदर्भात मात्र ट्रॉली म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येते ती ट्रॅक्टरमागची लोखंडी पेटी. तिच्यापासूनच सुरुवात करू.

ट्रॅक्टरची ट्रॉली: रेती मोजून कशी घ्यायची

रेती, गिट्टी, मुरूम यांचं खरं माप ब्रास. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. ट्रॉली हे माप नाही, भांडं आहे. बाजारात १० बाय ६ फुटांची ट्रॉली सर्रास दिसते, पण फाळक्याची, म्हणजे कडेच्या पत्र्याची, उंची कुठे दीड फूट असते, कुठे दोन. एवढ्या फरकात हिशेब असा बदलतो:

१० × ६ × १.५ = ९० घनफूट, म्हणजे ०.९ ब्रास.
१० × ६ × २ = १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास.

दोन्हींना 'एक ट्रॉली'च म्हणतात. म्हणून दोन सप्लायरांचे भाव ट्रॉलीवर ताडून बघण्यात अर्थ नाही. ब्रासचा भाव विचारा. "आमच्याकडे ट्रॉलीचाच भाव आहे" असं उत्तर आलं, तर आतलं माप विचारा आणि भागाकार स्वतः करा.

गाडी दारात आली की खाली करण्याआधी या क्रमाने जा.

१. टेप आतून लावा. बाहेरून १० बाय ६ असलेली पेटी पत्रा आणि अँगल धरून आतून ९ फूट १० इंच बाय ५ फूट १० इंच भरू शकते. दोन फूट उंचीला तिच्यात १२० नव्हे, जेमतेम ११५ घनफूट मावतं.

२. उंची भरलेल्या मालातून मोजा. फाळक्याची बाहेरची उंची धरू नका, कारण तळाची पट्टी आणि खालची चॅनल त्यात धरली जाते. एक टोकदार सळई रेतीतून तळाला टेकेपर्यंत खुपसा, मालाच्या पातळीवर खूण करा आणि बाहेर काढून मोजा. चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागी घ्या, सरासरी काढा. कोपऱ्यात माल खाली आणि मध्ये उंच असतो. नुसता मध्य मोजला तर फसाल, नुसते कोपरे मोजले तर सप्लायरवर अन्याय.

३. भाव सपाट ट्रॉलीचा की शिगेचा, म्हणजे काठावर ढीग केलेल्या ट्रॉलीचा, हे आधीच बोलून घ्या. १० बाय ६ वर सरासरी ३ इंचांची शीग म्हणजे १५ घनफूट. एवढा माल कोणी फुकट देत नाही, आणि कोणी कापला तर ते लक्षातही येत नाही. वाटेत शीग धक्क्यांनी बसते. भरताना दिसलेली शीग दारात दिसत नाही म्हणून लगेच चोरीचा आळ घालू नका.

४. रेती ओली असेल तर फुगवटा तपासा. पैसे जातात ते इथे, आणि गिऱ्हाईक नेमकी हीच पायरी सोडतं.

रेतीत ४ ते ६ टक्के ओल असली की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो. त्या थराच्या ताणामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात, आणि तीच रेती २० ते ३० टक्के जास्त जागा व्यापते. बारीक रेती जास्त फुगते, जाड कमी. गंमत अशी की पूर्ण भिजलेली रेती पुन्हा कोरड्या रेतीइतकीच जागा घेते, कारण थर मोडतो आणि कण खाली बसतात. म्हणून डोळ्याला 'थोडी दमट' वाटणारी रेतीच सगळ्यात महाग पडते.

तपासणी पाच मिनिटांची. सरळ कडांची काचेची बरणी घ्या. तिच्यात रेती न दाबता, सैल अशी दोनतृतीयांश भरा, वरून सपाट करा, उंची मोजा. समजा ६ इंच आली. रेती एका घमेल्यात काढा. बरणी पाण्याने अर्धी भरा, रेती थोडी थोडी करून परत टाका, सळईने ढवळा, बसू द्या. आता उंची ५ इंच आली, तर फुगवटा (६ − ५) ÷ ५ × १०० = २० टक्के. अशा १.२ ब्रासच्या ट्रॉलीत खरी रेती १ ब्रासच. काँक्रीटचं प्रमाण मापाने, म्हणजे घमेल्याने किंवा फर्म्याने धरणार असाल, तर रेती तेवढी वाढवून घ्या. नाहीतर मिश्रणात रेती कमी पडते आणि काँक्रीट खडबडीत, पोकळ निघतं.

५. वजनाचं भान ठेवा. कोरड्या रेतीचा एक ब्रास साधारण साडेचार टनांचा, २० मिमी गिट्टीचा चार टनांच्या आसपास. म्हणजे १० × ६ × २ ची ट्रॉली रेतीने काठोकाठ भरली की साडेपाच टनांच्या घरात जाते. ट्रॉलीच्या प्लेटवर भारक्षमता ३ टन लिहिलेली असेल, तर ती जवळपास दुप्पट लादलेली आहे. टायर फुटणं, ॲक्सल वाकणं, हूकची पिन झिजून अंडाकृती होणं, सगळं इथून सुरू होतं. गल्लीत नवीन पेव्हर ब्लॉक असतील आणि खालून गटाराचा चेंबर जात असेल, तर ट्रॉली चेंबरवर घेऊ देऊ नका. झाकण आधी खचतं, भांडण मागाहून सुरू होतं.

६. वाहतुकीचा परवाना, म्हणजे रॉयल्टीची पावती, मागून बघा. तीवर गाडीचा नंबर, ब्रास आणि वेळ असते. नंबर समोरच्या गाडीशी जुळला पाहिजे.

विटांचं गणित वेगळं. विटा हजारीवर घेतात, ट्रॉलीवर नाही. तरीही अंदाज हवाच असेल तर २३ × ११ × ७.५ सेंमीच्या विटा नीट रचून एका ब्रासच्या जागेत जेमतेम १४०० बसतात. फेकून भरलेल्या ट्रॉलीत यापेक्षा बऱ्याच कमी. मोजायच्या असतील तर उतरवताना घोड्या, म्हणजे चौकोनी थप्प्या, करायला सांगा, म्हणजे लांबी, रुंदी आणि उंचीतल्या विटा गुणून आकडा येतो.

काट्यावरची ट्रॉली

कळमन्याच्या बाजार समितीच्या यार्डात, जिनिंगला किंवा भंगाराच्या व्यवहारात ट्रॉली वजनावर जाते. वजन दोनदा होतं: भरलेली आणि रिकामी. फरक म्हणजे माल. साधं वाटतं, पण दोन्ही वेळा काट्यावर तेच सगळं असलं पाहिजे. पहिल्या वेळी ड्रायव्हर सीटवर आणि दुसऱ्या वेळी चहाच्या टपरीवर, तर त्याचे साठ-सत्तर किलो मालात धरले जातात. ताडपत्री, दोर, ज्यादा टायर, पाण्याची कॅन यांचंही तेच. कापूस विकणाऱ्यासाठी याच्या उलट धोका: भरताना नसलेलं काही रिकाम्या वजनाच्या वेळी ट्रॉलीत पडलेलं असेल, तर तेवढा कापूस कमी दिसतो. रिकामं वजन जुन्या पावतीवरून धरू देऊ नका. तळाला चिकटलेला चिखलच पावसाळ्यात मणाच्या हिशेबात जातो. दोन्ही वेळा सगळी चाकं काट्याच्या पाटावर आहेत, कोणतंही चाक कडेला टेकलेलं नाही, एवढं खाली उतरून बघा.

जोडणं, ओढणं, पलटी करणं

दोन चाकी ट्रॉलीत मालाचा काही भार हूकमधून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, आणि ते चांगलंच आहे, पकड वाढते. म्हणून माल ॲक्सलच्या किंचित पुढे झुकता ठेवावा. सगळा मागे भरला तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरतात. अति पुढे भरला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि चढावर स्टेअरिंग हलकं होतं. स्टेअरिंग हलकं लागलं तर पुढे जाऊ नका, माल मागे ओढा.

ट्रॉली ठरलेल्या खालच्या हूकलाच लावा. वरच्या लिंकच्या जागी साखळी अडकवून ओढण्याचा मोह चिखलात होतो. ओढ मागच्या ॲक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहून चालकाच्या अंगावर येतो, आणि हे इतक्या झटकन होतं की क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

हूकमध्ये पिन टाकली की तिला खालून लॉक पिन घाला. खिळा किंवा वाकवलेली तार चालवू नका. सोबत सेफ्टी साखळी, थोडी सैल, पण जमिनीला न घासणारी.

डांबरी रस्त्यावर यायच्या आधी डावं आणि उजवं ब्रेक पेडल पट्टीने एकत्र जोडा. शेतात वळण्यासाठी ती वेगळी ठेवलेली असतात. तशीच राहिली आणि एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर एका बाजूला वळतो आणि मागची ट्रॉली सरळ येऊन त्याला आडवा ढकलते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळे उतारावर गिअर काढून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं म्हणजे पाच टन मोकळे सोडणं. ज्या गिअरने चढला असता, त्याच गिअरने उतरा.

मागे घेताना दोन चाकी ट्रॉलीला स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं: ट्रॉलीची शेपटी डावीकडे हवी तर स्टेअरिंग आधी उजवीकडे, मग हळूच सरळ. चार चाकी ट्रॉलीच्या पुढच्या ॲक्सलला फिरता पाट असतो. म्हणजे हूक आणि पाट अशा दोन जागी ती मुडपते, आणि सरळ मागे जात नाही. अरुंद गल्लीत माल मागवताना सप्लायरला हे आधी सांगा: "गल्लीत रिव्हर्स यावं लागंल भाऊ, दोन चाकीच पाठवा."

हायड्रॉलिक ट्रॉली पलटी करण्याआधी जमीन सपाट आहे का आणि वर विजेची तार आहे का, या दोन गोष्टी बघायच्या. मागचं फाळकं आधी उघडायचं, जॅक नंतर. फाळकं बंद ठेवून उचललं तर सगळा माल मागे सरकतो, पुढचा भाग हवेत जातो. जॅक अर्ध्यात थांबला तर बहुधा ट्रॅक्टरमधलं तेल कमी आहे, कारण जॅक ते तेल ट्रॅक्टरच्याच टाकीतून ओढतो. उचललेल्या पेटीखाली अडकलेली गिट्टी काढायला कोणी वाकणार असेल, तर आधी लोखंडी टेकू द्या. पाइप फुटला तर पेटी सावकाश उतरत नाही, पडते.

कागदपत्रांत तुम्हाला 'ट्रॉली' सापडणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये शब्द आहे ट्रेलर, आणि ट्रेलरची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी. नागपुरात नंबर एमएच-३१, पूर्व नागपूरचा एमएच-४९, ग्रामीणचा एमएच-४०. विम्याच्या पॉलिसीत ट्रॅक्टरसोबत ट्रेलरचा नंबर लिहिलेला आहे का ते वाचून बघा. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचा आपोआप झाला, हा गैरसमज अपघातानंतरच दूर होतो. शेतीसाठी नोंदवलेली ट्रॉली भाड्याने रेती वाहत असेल तर दाव्यात तोही मुद्दा निघतो. आणि ट्रॉली मालासाठी आहे, वऱ्हाडासाठी नाही.

ओट्याखालची ट्रॉली

मराठी घरांनी इंग्रजीला न सुचलेला अर्थ या शब्दाला दिला. चाकं नाहीत, रस्ता नाही, तरी ओट्याखालून सरकत बाहेर येणारी स्टीलची जाळी म्हणजे ट्रॉली. यातलं सगळं यश मिलिमीटरवर आहे. सुताराच्या भाषेत इंच असले तरी शेवटचं माप मिमीतच घ्या.

आधी मोकळी जागा मोजा. दोन उभ्या कडप्प्यांमधलं अंतर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी पुढून आणि मागून. सहा आकडे येतील आणि ते क्वचितच सारखे असतील. सगळ्यात लहान आकडा धरा. खोली २१ इंच मोकळी हवी, म्हणजे २० इंची चॅनल, म्हणजे ट्रॉली सरकवणारी पट्टी, बसतो. मागे पाण्याचा किंवा ड्रेनेजचा पाइप असेल तर पाइपच्या पुढून मोजा. सिंकखाली म्हणूनच सहसा ट्रॉली बसत नाही.

टेलिस्कोपिक चॅनलची जाडी एका बाजूला साधारण १२.७ मिमी. म्हणून:

मोकळी रुंदी − २६ मिमी = बास्केटची बाहेरची रुंदी.

रेडीमेड बास्केट १५, १७, १९ आणि २१ इंच रुंदीत मिळतात. मोकळी जागा २२ इंच, म्हणजे ५५९ मिमी असेल तर २१ इंची (५३३ मिमी) बास्केट चपखल बसते. पण जागा साडेएकवीस इंच (५४६ मिमी) निघाली तर? २१ बसणार नाही, १९ इंची (४८३ मिमी) घ्यावी लागेल आणि ३७ मिमी उरतील. दोन्ही कडप्प्यांना १८ मिमी प्लायची एकेक पट्टी मारा, ३६ मिमी गेले, उरला एक वॉशरने भरला. ओटा अजून बांधायचा असेल, तर गवंड्याला हेच माप आधी द्या: पार्टिशनमध्ये १६, १८, २० किंवा २२ इंच मोकळे, प्लास्टर-टाइल्स धरून. गवंडी मध्य ते मध्य मोजतो, तुम्हाला हवं असतं कड ते कड. निम्मे घोटाळे एवढ्यावरच होतात.

उंचीचं वाटप: ओटा ३३ इंच, वरचा ग्रॅनाइट-कडप्पा आणि खालचं चार इंची स्कर्टिंग वजा जाता २७ इंच हाती राहतात. त्यात वर ४ इंची बास्केट (चमचे, कप-बशा), मध्ये ६ इंची (ताटं, वाट्या), खाली ८ इंची (डबे, कुकर). दर्शनी पट्ट्या अनुक्रमे ६, ९ आणि १२ इंच. जड खाली, हलकं वर. आठ इंचीत डबे ठेवणार असाल तर सगळ्यात उंच डबा दुकानात घेऊन जा. झाकण वरच्या बास्केटच्या तारेला अर्धा इंच अडतंय हे घरी कळून उपयोग नाही.

बसवताना:

१. कडप्प्यावर चॅनलची रेषा लेव्हलने मारा, पुढून मागे. डाव्या-उजव्या रेषा एकाच उंचीवर आहेत का ते पाण्याच्या पारदर्शक नळीने बघा. टाइलच्या सांध्यावर विश्वास ठेवू नका.

२. कडप्प्याला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, ६ मिमीचा बिट, वेग कमी, मधूनमधून पाणी. कडेपासून निदान दीड इंच आत. कडेजवळ हॅमर चालवला की कडप्प्याची खपली निघते आणि मग तिथे स्क्रू धरतच नाही.

३. चॅनल पुढच्या कडेपासून २-३ मिमी आत, जर पट्टी कडप्प्यावर बाहेरून बसणार असेल. पट्टी आत बसणार असेल तर तिची जाडी आणि वर २ मिमी एवढा आत.

४. आधी प्रत्येक चॅनलला दोनच स्क्रू, लांबट भोकांतून. बास्केट लावा, पाच-सहा वेळा सरकवून बघा, मग उरलेले स्क्रू.

५. पट्ट्या सगळ्यात शेवटी. दोन पट्ट्यांमध्ये ३ मिमी फट ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात प्लाय सुकून आकसतो आणि जुलैत फुगतो. एप्रिलमध्ये गुळगुळीत, फटीशिवाय बसवलेल्या पट्ट्या पोळ्यापर्यंत एकमेकींवर घासायला लागतात.

बिघाडाचं कारण लक्षणावरून कळतं. ट्रॉली शेवटच्या दोन इंचांत घट्ट होते: मागची रुंदी कमी आहे, मागच्या स्क्रूखालचा वॉशर काढा. सुरुवातीला छान, मागे गेल्यावर खडखडते: मागे रुंदी जास्त आहे, वॉशर घाला. बंद करूनही स्वतःहून बाहेर येते: चॅनल पुढे झुकलाय. एक बाजू पुढे, एक मागे चालते: दोन्ही चॅनल समांतर नाहीत, किंवा एकातल्या गोळ्या निखळल्या आहेत. गोळ्या निखळलेला चॅनल दुरुस्त होत नाही, बदलायचा, आणि बदलताना जोडीच बदलायची. बहुतेक साध्या जोड्या ३५ ते ४५ किलोच्या असतात, पण तो भार सारखा पसरलेला धरलेला असतो. पूर्ण बाहेर ओढलेल्या ट्रॉलीवर लहान मूल उभं राहिलं की चॅनल वाकणारच.

स्टीलबद्दल एक गोष्ट. ३०४ आणि २०२ या त्याच्या दोन प्रती. दुकानात चुंबक लावून "बघा, चिकटत नाही, ३०४ आहे" असं दाखवतात. चुंबक २०२ लाही चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त. फरक दाखवणारं रसायनाचं थेंबाचं किट मिळतं, विक्रेत्याला ते लावून दाखवायला सांगा. ओली भांडी ठेवायच्या ताट-वाट्यांच्या ट्रॉलीला ३०४ घ्या. कोरड्या डब्यांच्या ट्रॉलीला २०२ चालतं, तिथे जास्त पैसे घालवू नका.

गॅरेजमधली आणि शेडमधली

ट्रॉली जॅक चाकांवर असतो तो फक्त नेण्या-आणण्यासाठी, असा समज आहे. खरं कारण वेगळं. जॅकची भुजा कमानीत वर जाते, त्यामुळे तिची टाच गाडीखालच्या बिंदूपासून सरकायला बघते. चाकं मोकळी असली की जॅकच थोडा आत सरकतो आणि टाच जागेवर राहते. मातीत किंवा गिट्टीवर चाकं रुतली तर टाच सरकते आणि गाडी घसरते. म्हणून पक्कं फ्लोअर, नाहीतर खाली जाड प्लाय. हँडब्रेक ओढा, न उचलणाऱ्या टोकाच्या चाकांना ओट (अडवणारा ठोकळा), कंपनीने खूण केलेली जागा, आणि उचलल्यावर लगेच स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालायचा नाही. सील गळाला की जॅक सावकाश बसतो, किंवा एकदमच.

हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांच्या शेडमध्ये ट्रॉली म्हणजे छताच्या गर्डरवर धावणारी, खाली चेन पुली लटकलेली चार चाकांची जोडी. तिची ऑर्डर देताना टनासोबत गर्डरचं माप द्या: आयएसएमबी २०० (२०० मिमी उंचीचा 'आय' आकाराचा गर्डर) ची फ्लँज, म्हणजे आडवी पट्टी, १०० मिमी रुंद, २५० ची १२५ मिमी. चाकाची कड आणि फ्लँज यांत प्रत्येक बाजूला २ ते ३ मिमी फट ठेवून मधल्या बोल्टवरचे वॉशर वाटा, दोन्हीकडे सारखे. फट जास्त राहिली तर भार आल्यावर चाकं फ्लँजच्या कडेवर चढतात, आणि ट्रॉली गर्डरवरून निसटते ती अशीच. गर्डरच्या दोन्ही टोकांना स्टॉपर असल्याशिवाय भार अडकवायचा नाही.

सिलिंडर, पेशंट, बॅग

सिलिंडरखालची चाकांची रिंग तीस किलो पेलते: १४.२ किलो गॅस आणि साधारण तेवढंच रिकाम्या टाकीचं वजन. ती ओढताना मागे रबरी नळी ताणली जाते, म्हणून आधी रेग्युलेटर बंद, मग ट्रॉली हलवा. नळीवरचं साल बघा, पाच वर्षं झाली की बदला.

पेशंटच्या ट्रॉलीला चार चाकं असतात आणि ब्रेक असतो पायाशी. पेशंट चढवताना-उतरवताना ब्रेक लागलाय हे ढकलून बघा, नुसतं पेडल दाबून नाही. एरवी पाय पुढे, डोकं ढकलणाऱ्याकडे, म्हणजे चेहरा दिसत राहतो. रॅम्प चढताना डोकं पुढे. बाजूचे कठडे वर, सलाइनची बाटली स्टँडला. ती हातात धरून पळणाऱ्या नातेवाइकाकडूनच सुई निघते.

विमानाची ट्रॉली बॅग विकत घेताना लेबलवरच्या २० इंचांवर जाऊ नका. ५५ × ३५ × २५ सेंमी हे केबिनचं माप चाकं आणि हँडलचा खालचा भाग धरून असतं, आणि देशांतर्गत इकॉनॉमीत वजन बहुधा ७ किलो. रिकामी बॅगच साडेतीन किलोची असेल तर निम्मी परवानगी तिनेच खाल्ली.

रुळांवरची

नागपूर मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोन्हींच्या विभागाचं ठिकाण. अजनीकडे किंवा इतवारीकडे रुळांची तपासणी करणारा अधिकारी बाकड्यासारख्या गाडीवर बसलेला आणि मागून माणसं पळत ती ढकलत असलेली, हे दृश्य अजून दिसतं. तिची चाकं ॲक्सलपासून विजेच्या दृष्टीने अलग केलेली असतात, नाहीतर दोन्ही रूळ जोडले जाऊन सिग्नलला ती अख्खी गाडी वाटेल.

नेमकी व्याख्या कुठे असेल तर ती रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत. चार माणसांना रुळांवरून अख्खी उचलून बाजूला ठेवता येते ती ट्रॉली. तशीच, पण त्याहून जड असेल ती लॉरी. मोटारीवर चालणारी ती मोटार ट्रॉली. ट्रॉलीवर रूळ-स्लीपरसारखं जड सामान आणीबाणी सोडून लादायचं नाही, आणि लादलंच तर नियमांपुरती ती तेवढा वेळ लॉरी धरली जाते, लॉरीचे सगळे बंधनकारक नियम तिला लागू. म्हणजे गाडी तीच, ढकलणारी माणसंही तीच. वर काय ठेवलंय त्यावरून नाव बदलतं.